ठमाबाईच्या पेटीतली माती

श्रीरामपूर
बुधवार, ८ ऑक्टोबर २०२५

ती. आईंना,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

इकडे आम्ही बरे आहोत. तुम्हीही बऱ्या असाल, आणि नसलात तरी कुणाला सांगणार नाही, हे ठाऊक असल्यामुळे आरतीला मी वेगळं विचारलं आहे. माझं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. तुम्ही डोळ्यांना ताण देत बसू नका, आरतीकडूनच वाचून घ्या. लेकीपासून लपवावं असं ह्यात काही नाही.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण फोनवर तुम्ही "बरं बरं, हाय मी ठीक, घे आरतीशी बोल" एवढंच म्हणता. पत्राला मधेच "ठेव" म्हणता येत नाही.

घरचं सांगते. आपण दसरा काढला तेव्हा पावसानं ऊन दिसूच दिलं नाही, म्हणून सगळ्या गोधड्या काल पुन्हा गच्चीवर टाकल्या. निळ्या गोधडीचा कुबट वास आता गेला. ह्यांच्या कारखान्यात हंगामाची तयारी चालू आहे. दिवसभर प्रयोगशाळेतली भांडीकुंडी काढून बसतात आणि घरी आले की बूट काढायच्या आधी डोळे मिटतात. परवा जेवताना म्हणाले, "आईच्या हातचा ठेचा पाहिजे होता." मी म्हटलं, जाऊन आणा. त्यावर नुसती भाकरी मोडत राहिले.

क्लासला येणाऱ्या नववीच्या मुलांचा गोंगाट वाढला आहे. तुम्ही मधल्या दारात मेथी निवडत बसायचात तेव्हा मुलांना वाटायचं, ह्यांचं लक्ष आपल्यावरच आहे. काल त्यांच्यातल्या संस्कृतीनं विचारलं, "मॅडम, आजी कधी येणार? तुमच्या ओरडण्याला कुणी भीत नाही." मी म्हटलं, येतील लवकरच. दुसरं काय म्हणणार?

शेजारच्या पंकजाताईंनी मात्र कॉलनीत वेगळंच पसरवलंय. दळण आणायला गेले तर गिरणीतली बाई म्हणते, "तुमच्या सासूबाईंना कोळ्यानं घालवलं म्हणे?" मी म्हटलं, "नाही हो, लेकीकडं गेल्यात चार दिवस." तर म्हणाली, "तेच ते. आजकाल सून नाही घालवत, कोळी पाळते." घरी येईपर्यंत मला हसू येत होतं. पिठाचा डबा खाली ठेवला आणि हसू गेलं. बाहेरच्या बाईचं बोलणं लागलं नाही. पण तुम्ही स्वतःही जाताना तेच म्हणाला होतात ना. "त्या जनावराच्या घरात मला न्हाई राहायचं." हे गाडी काढत होते, आरती पिशवी घेऊन उभी होती, आणि तुम्ही माझ्याकडे न बघता पायानं चपला शोधत होतात.

ठमाबाई बरी आहे. तुम्ही विचारणार नाही, म्हणून आपणहून सांगते. तिचं नाव तुम्हीच ठेवलंत हे मी पंकजाताईंना सांगितलं, त्यांचा विश्वास बसेना. करणनं तिला मे महिन्यात पुण्याहून आणलं ते आठवतं का? एसटीत मांडीवर डबा, वर नॅपकिन. शेजारच्या बाईंनी विचारलं, "पेढे का रे?" हा म्हणाला, "नाही मावशी, नाजूक वस्तू आहे." त्या बिचारीनं राहुरीपर्यंत स्वतःची पिशवी पायात घेतली आणि डब्याला जागा करून दिली. घरी आल्यावर तुम्ही डब्यावर वाकलात, जरा वेळ तशाच राहिलात, आणि विचारलंत, "केवढी हाय?"

"तळहाताएवढी, आजी. टॅरँटुला म्हणतात. अंगावर केस आहेत बघ."

"मंग ही ठमाबाईच म्हनायची. कुनी आनायला सांगितली?"

"मम्मीनं."

तुम्ही माझ्याकडे वळलात. चिडला नव्हतात. आपली रोजची खुर्ची कुणी न विचारता हलवावी, तसा तुमचा चेहरा झाला होता.

मी करणला तेव्हा तीनदा विचारलं होतं की ही आपल्याकडच्या कुठल्या रानातून धरलेली नाही ना. नाही म्हणाला. त्याच्या मित्राकडेच अंड्यातून निघालेली, परदेशी जातीची, स्वभावानं शांत. तसं नसतं तर मी तिला ठेवून घेतलं नसतं. हे लिहिताना जाणवतं की मी एवढे प्रश्न विचारते आणि नेमका हवा तो विचारायचा राहतो. तुम्ही म्हणताच, "ही दिवसभर गप, आन् सांजंला वहीला सगळं सांगती." वहीलाही सगळं सांगत नाही, आई.

कोळ्यांना मी किती भ्यायचे ते तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे? बीएस्सी झालेली, पोरांना गणित शिकवणारी बाई, आणि भिंतीवर आठ पाय दिसले की हातपाय गार. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात न्हाणीतून मी अशी ओरडले की शेजारचे काठी घेऊन आले. तुम्ही त्यांना परत पाठवलंत. मग तुम्ही एका हातात वाटी आणि दुसऱ्या हातात कुणाची तरी लग्नपत्रिका घेऊन आत आलात. कोळ्यावर वाटी पालथी, वाटीखालून पत्रिका हळूच सरकवायची, आणि तसंच उचलून मागच्या दारी. मी मारा मारा म्हणत होते. तुम्ही म्हणालात, "त्याला पन पोट हाय. तू जेव, मी ह्याला शेवग्यावर पोचवून येते." तेव्हापासून आपल्या फ्रिजवर जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा का असतो, हे पाहुण्यांना कधी कळलं नाही. ह्यांच्या मित्राला तर वाटतं, आपण आलेला प्रत्येक आहेर लक्षात ठेवणारी माणसं आहोत.

आणि अशा बाईनं कोळीण घरात आणावी! तुम्ही विचारलंही होतंत, "हे नसतं खूळ कशापायी?" मी म्हणाले, "भीती घालवायला." तुम्ही म्हणालात, "चाळिशी उलटल्यावर? आता कंच्या परीक्षेला बसायचंय तुला?" मी हसले आणि कुकर लावायला उठले.

पहिले दिवस फार वाईट गेले, तेही आता सांगायला हरकत नाही. करण सुट्टी संपवून गेला आणि ती काचेची पेटी, नारळाच्या भुशाची माती, लपायला दिलेली करवंटी आणि आत ती, असं सगळं माझ्यावर आलं. मी दारातूनच बघायचे. मग खुर्ची दारात, मग खोलीच्या मधे. पाणी द्यायचं ते बाटलीच्या झाकणात, तेही लांब चिमट्यानं. खायला आठवड्याला एखादं झुरळ, तेही करणनं पाठवलेलं, आपल्या मोरीतलं नाही. मोरीतल्याला औषध लागलेलं असतं. तिला हालचालीची घाई नसते. तासन् तास एका जागी. मला वाटायचं ती टपून बसली आहे. हळूहळू कळलं की तिला नुसतं कुणी हलवायला नको असतं.

श्रावणात करण आला होता तेव्हा एकदाच तिला तळहातावर घेतलं. भाजलेल्या पापडाएवढं वजन. पाय टेकताना तीच बिचकत होती. करणनं खाली उशी धरली होती. मी म्हटलं, "मी नाही टाकणार तिला." तो म्हणाला, "मम्मी, तू दचकलीस तर? उंचावरून पडली तर हिचं पोट फुटतं." इतके दिवस मी समजत होते की आमच्या दोघींत भ्यायचं काम माझ्याकडे आहे.

असो. दिवाळी तोंडावर आली. करंज्यांचं सारण माझ्या अंदाजानं होत नाही. सगळी वाट बघतायत. या.

तुमची,
रोहिणी

शुक्रवार, १० ऑक्टोबर

आई, वरचं पत्र पाकिटात घालून ठेवलं होतं. टाकायला निघणार तेवढ्यात काल दुपारी आरतीचा फोन आला.

"वहिनी, आई विचारतीय..." एवढ्यात मागून तुमचा आवाज, "मी न्हाई इचारत. तू इचार."

"बरं, मी विचारते. ठमाबाई खाते का?"

"नाही गं. घट बसल्यापासून काही खाल्लं नाही तिनं. करण म्हणतो, कात टाकायच्या आधी असं करतात."

मागून लगेच, "म्हंजे नवरात्र धरलं व्हय तिनं! दसरा झाला म्हनावं, सोड आता."

आरती हसली, मीही हसले. इतक्या दिवसांनी तुमचा तो आवाज ऐकून मला फार बरं वाटलं. मग हळू आवाजात, जणू आरतीलाच विचारताय, "आन् रोहिनीचा हात कसा हाय?"

"वहिनी, तुमच्या हाताला काय झालंय?" आरतीनं विचारलं.

काही नाही म्हणाले आणि दारावर कुणी आलंय सांगून फोन ठेवला. दारावर कुणी नव्हतं.

पत्र पाकिटातून बाहेर काढलं. वर लिहिलं आहे ते खरं आहे, पण पुरं नाही. आणि एक वाक्य तर खोटंच आहे. माझं अक्षर मुंग्यांची रांग नाही. माझं अक्षर चांगलं आहे. शाळेत मला त्यासाठी बक्षीस होतं, हे तुम्हीच पाहुण्यांना सांगत असता. आरतीकडून वाचून घ्या म्हटलं, कारण तुम्हाला ते वाचता येणार नाही हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं.

आरती, इथून पुढे दार लोटून घे आणि एकट्या आईंना वाचून दाखव. त्या "पुरे" म्हणाल्या तर थांब.

आई, महाशिवरात्रीच्या संध्याकाळची गोष्ट. स्वयंपाकघरात पाण्याच्या फिल्टरच्या वर एक मोठा कोळी होता. मी नेहमीसारखी ओरडले, "आई!" तुम्ही नेहमीसारख्या वाटी आणि पत्रिका घेऊन आलात. "कुठं?" "फिल्टरच्या वर." तुम्ही भिंतीवर वाटी पालथी घातलीत. पण ती जुन्या कॅलेंडरच्या खिळ्याचं काळं भोक पडलंय त्यावर. कोळी तिथून वीतभर लांब होता, जागचा हललाही नव्हता. तुम्ही पत्रिका हळूच सरकवलीत, वाटी उचललीत, मागच्या दारी गेलात, शेवग्याखाली झटकलीत. परत येऊन वाटी विसळलीत आणि म्हणालात, "गेला. जेव आता."

मी म्हणाले, "बरं झालं."

आणि मी जेवले, आई. तो समोर भिंतीवर, आणि मी ताटावर. ओरडले असते तर तुम्हाला कळलं असतं. तुम्ही शेजारी बसून मला ताक वाढत होतात.

त्यानंतर मी बघायला लागले. पोथीची दोन पानं तुम्ही एकदम उलटलीत आणि वाचन मात्र न अडखळता चालू राहिलं, कारण तुम्हाला ते पाठच आहे. चहा ओतताना कपात बोट घालून अंदाज घेऊ लागलात. करणचा फोटो मोबाईलवर दाखवला की "छान हाय" म्हणायच्या आधी मी काय म्हणते ते ऐकायला थांबू लागलात.

मी तुम्हाला विचारायला हवं होतं. त्याऐवजी असा विचार केला की पुढच्या वेळी मी ओरडले, तर तुम्ही धावत येणार आणि तुम्हाला सापडणार नाही. कधीतरी घरात तिसरं कुणी असेल आणि ते हसेल. तेव्हा आपण ओरडायचंच नाही. आणि ओरडायचं नसेल तर भीतीच घालवायला हवी. मी करणला फोन करून कोळीण मागितली ती ह्यासाठी. तो घाबरला, त्याला वाटलं मला काहीतरी झालंय. त्यालाही खरं सांगितलं नाही.

आता घट बसले त्या सकाळचं. तुम्हाला ठाऊक आहे, तरी मला लिहू द्या.

पेटीचं झाकण धुवायला मी काढलं होतं. आरतीनं घटासाठी सोनईहून पाठवलेली तुमच्या शेतातली माती त्याच खिडकीत, पेटीशेजारी, परातीत ठेवली होती. दोन्ही शेजारी ठेवणं हा माझा मूर्खपणा. मी डोकं पुसत आले तर तुम्ही सोवळ्यात, एका मुठीत सात धान्यं, आणि दुसरा हात मनगटापर्यंत पेटीत. तुम्ही माती मोकळी करत होतात. करवंटी बाजूला सारली होतीत. ठमाबाई कोपऱ्यात पुढचे पाय वर करून उभी होती, तुमच्या बोटांपासून चार अंगुळांवर. ती तशी उभी राहते ती भ्याली की, आणि त्याच्या पुढची पायरी म्हणजे चावा. जीवावरचा नाही, मधमाशीएवढा. पण तुमचं वय, सणाचा दिवस, आणि तुम्हाला कळलंही नसतं काय चावलं ते.

मी हात घातला. तुमच्या आणि तिच्या मधे तळहात आडवा धरला. तिनं दोनदा पाय आपटले माझ्या हातावर. मी म्हणत होते, "आई, तुम्ही वाती करा, माती मी घेते." आवाज कापू नये ह्याकडे माझं सगळं लक्ष होतं. आणि तुमचा हात माझ्या हाताला लागला.

तुम्ही हात वर काढलात. बोटांनी चिमूट चोळलीत. म्हणालात, "ही माती लई हलकी हाय."

"ती कुंडीसाठीची आहे," मी म्हणाले. "सोनईची ह्या परातीत आहे. देते."

ज्या बाईनं जन्मभर त्या काळ्या रानात हात घातलेत, तिला मी कुंडीची माती सांगत होते. दुपारी माझ्या हातावर पुरळ उठलं. भ्याली की ती पाठीवरचे बारीक केस झाडते, ते टोचतात. मी म्हणाले, धुण्याच्या पावडरीनं उठलंय. तुम्ही माझा हात मांडीवर घेऊन खोबरेल लावलंत. बराच वेळ लावत होतात. पुरळ बोटांना लागतं, आई. तेव्हाच तुम्ही सगळं जुळवलंत ना? की मला माहीत आहे. की आधीपासून माहीत आहे.

आरती दसऱ्याला सोनं द्यायला आली आणि तुम्ही तिच्याबरोबर निघालात. ठमाबाई हे निमित्त. तिला तुम्ही कधीच भ्याला नाहीत.

तुम्ही गेल्यावर पेटीत गहू उगवलेला दिसला. तुमच्या मुठीतले दाणे तिथं सांडले होते. मी पाणी देते त्या कोपऱ्यात हिरवे कोंब आले. ह्यांनी पाहिलं. "हा गहू कुणी पेरला?"

मी म्हणाले, "आईंनी."

हे खुर्चीवर बसले. म्हणाले, "मला वाटत होतं, हे मला एकट्यालाच माहीत आहे." तुम्ही रागावत होतात ना, की सुनीलनं जिन्यातले दिवे एवढे भगभगीत का लावले, डोळ्यावर येतात? पायऱ्यांच्या कडेला पांढरी पट्टी का मारली, दवाखान्यासारखी? ते ह्यासाठी. मलाही सांगितलं होतं, जुने बल्ब वीज खातात म्हणून. आरती, तू आत्ता हे वाचताना गप्प झाली असशील, तर तुलाही ठाऊक असणार.

म्हणजे आपण सगळे एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो, आणि त्यात सगळ्यांत दमल्या असाल तुम्ही.

मला वाटायचं, मी हे तुमच्या मानासाठी करते आहे. आता तसं ठामपणे म्हणवत नाही. "आई, तुम्हाला दिसत नाही का?" एवढं विचारण्यापेक्षा केसाळ कोळीण हातावर घेणं मला सोपं वाटलं, हे खरं. मी ओरडायची थांबले तर तुमची लाज राहील, एवढाच हिशोब केला. तुम्ही पदर खोचून धावत येत होतात, ते थांबलं तर तुम्हाला कसं वाटेल, ह्याचा केला नाही. आणि तेवढ्यात महिने गेले. डोळ्यांच्या काही दुखण्यात थांबून चालत नाही, हे मला आता कळलं आहे. गप्प बसण्यात तुमची नजर थोडी आणखी गेली असेल, तर तो माझा मोठेपणा नव्हता.

चांगुणामावशींचं मला माहीत आहे. त्या डोळ्यांच्या शिबिराला गेल्या, ऑपरेशन झालं, पट्टी सोडली आणि त्या डोळ्यानं पुन्हा काही दिसलंच नाही. तुम्ही त्यांच्या हातात घास देत होतात. म्हणून "डोळ्याला सुरी न्हाई लावायची" हे तुम्ही कधीपासून म्हणता. ती भीती माझ्या भिंतीवरच्या भीतीसारखी उगाच नाही. ती तुम्ही डोळ्यांनी पाहिली आहे.

काल संध्याकाळी मी इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांना एकटीच जाऊन भेटले. तुमचं नाव सांगितलं नाही. ते म्हणाले, बघितल्याशिवाय मी काही बोलणार नाही. मोतीबिंदू असेल तर बहुतेक वेळा पुष्कळ फरक पडतो, दुसरं काही असेल तर जेवढं उरलंय तेवढं राखायचं. म्हणून मीही तुम्हाला नजर परत येईल असं लिहीत नाही. मला माहीत नाही. पहिल्या दिवशी फक्त दाखवायचं, बाकी काही नाही. त्यांनी काही सुचवलं तरी घरी येऊन आपण बोलायचं. तुम्ही नको म्हणालात तर नको.

ठमाबाई खरंच नको असेल तर तसं सांगा, करण दिवाळीत तिला घेऊन जाईल. मला वाईट वाटेल, तिची सवय झाली आहे. पण खरंच नको असेल तरच सांगा. निमित्त म्हणून नको.

एक शेवटचं. माहेरी, कॉलेजात, मैत्रिणींत, सगळ्यांनी मला आयुष्यभर एकच सांगितलं, कोळ्याला काय भ्यायचं, एवढासा तर आहे. ह्यांनीही सांगितलं. तुम्ही कधीच सांगितलं नाहीत. तुम्ही दारातून आत येताना म्हणायचात, "पाय वर घिऊन बस. भी खुशाल. मी हाय." मी खुर्चीवर पाय घेऊन बसायचे, डोळे मिटून, आणि वाटी भिंतीला लागल्याचा आवाज यायची वाट बघायचे. कोळी भिंतीवर असतानाच माझी निम्मी भीती जायची.

तेव्हा आई, सुरी वगैरे शब्दांना तुम्ही खुशाल भ्या. मी आहे.

येत्या गुरुवारी सकाळच्या एसटीनं मी सोनईला येते आहे. आलात तर दुपारच्या गाडीनं आपण दोघी परत निघू. "न्हाई" म्हणालात तर आरतीच्या हातची भाकरी खाईन, तुमच्याशी गप्पा मारीन आणि संध्याकाळी परतेन. रागावणार नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारी मात्र पुन्हा येईन.

आरती, हे ऐकून त्या काय म्हणाल्या ते मला फोनवर कळवू नकोस. मी येऊन त्यांच्याच तोंडून ऐकेन.

तुमची, गुरुवारी येणारी,
रोहिणी